दमट हवा: आधी सुतासाठी, मग कागदासाठी, शेवटी माणसासाठी

इयरफोन लावलेत ना? मुंबई-ठाण्यात किंवा कोकणात पावसाळा काढलेल्यांना आजचा विषय समजावून सांगायची गरज नाही. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी, सादळलेले पापड आणि दोन दिवस दोरीवर असूनही न वाळलेली, कुबट वासाची जीन्स. आपण वैतागतो, खिडक्या लावतो, एसी सुरू करतो. पण हा एसी मुळात माणसाला गार वाटावं म्हणून बनलाच नव्हता. तो बनला हवेतलं पाणी आवरायला, तेही कागदासाठी. आणि कागदाच्याही आधी नंबर होता कापसाचा.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत साधारण 30 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांना फक्त 17. मोबाईलवर 'ह्युमिडिटी 85 टक्के' दिसतं तेव्हा अर्थ एवढाच, की त्या तापमानाला जितकी वाफ मावू शकते, त्याच्या 85 टक्के आत्ताच भरली आहे. मग घाम जाणार कुठे? तो अंगावरच राहतो.

हे मोजायचं कसं? जिनिव्हाचा शास्त्रज्ञ होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यानं 1783 मध्ये आपल्या हायग्रोमीटरवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या यंत्राचा मुख्य भाग म्हणजे माणसाचा एक केस! केस दमट हवेत किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. पावसाळ्यात तुमचे केस फुगतात ना, त्याच्याच शेजारची ही गोष्ट.

आता कापूस. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं, तटकन तुटतं. ढाक्याच्या मलमलीचं अतितलम सूत कातणाऱ्या बायका म्हणूनच पहाटेच्या ओल्या हवेत कातायला बसायच्या. तिथे माणूस हवेची वेळ बघून काम करायचा. गिरण्या आल्या आणि उलटं झालं. मशीन थांबणार नाही, मग हवाच बदला.

इंग्लंडमधल्या लँकेशरच्या विणकाम शेडमध्ये चक्क वाफ सोडायला लागले. सुताला खळ लागायची, त्या खळीत चिनी माती भरपूर घालायचे, म्हणजे कापड जड आणि भरीव वाटायचं. अशा मातीनं जड केलेल्या सुताला विणताना दमट हवा लागायचीच. आणि हे कापड खपायचं कुठे? बरंचसं आपल्याकडे, हिंदुस्थानात. तिकडे कामगार बंद शेडमध्ये वाफेत भिजत उभे, इकडे आपण मातीचं वजन विकत घेतोय. विणकरांनी याविरुद्ध आवाज उठवला, आणि 1889 मध्ये ब्रिटनच्या संसदेनं कायदा करून शेडमधल्या हवेत किती दमटपणा चालेल याला मर्यादा घातली. कामाच्या जागेतल्या दमटपणावर कायद्यानं बंधन आलं ते असं, कामगारांच्या तक्रारींतून. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण एसीच्या इतिहासात तो सहसा सांगितलाच जात नाही.

आपल्याकडे मुंबईला समुद्र होता, हवा आयतीच ओली. पण जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल काढली नागपुरात, 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. कापूस जवळ, पण हवा? मे महिन्यातलं नागपूर आठवा. त्यामुळे जमशेटजींनी तिथे ज्या नव्या गोष्टी आणल्या, त्यांत आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरसोबत ह्युमिडिफायरही होते. गिरणीच्या आतली हवा ओली करणारी यंत्रं, तीही विदर्भात!

आता येऊ कागदावर. 1902, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. सॅकेट-विल्हेल्म्स नावाच्या छापखान्यात रंगीत छपाई चालायची. एकाच कागदावर एकेक रंग वेगवेगळ्या वेळी चढायचा. मधल्या वेळात हवा दमट झाली की कागद फुगायचा आणि पुढचा रंग जरा बाजूला पडायचा. मासा निळा, त्याची लाल शेपूट शेजारी, असा प्रकार. हे सोडवायचं काम आलं विलिस कॅरियर या 25 वर्षांच्या इंजिनिअरकडे. त्यानं गार पाण्याच्या नळ्यांवरून हवा फिरवली. गार नळीवर वाफेचं पाणी झालं, हवा कोरडी झाली. त्याचं लक्ष्य बघा: हिवाळ्यात तापमान सुमारे 21 अंश, उन्हाळ्यात 27, पण आर्द्रता वर्षभर 55 टक्के. तापमान हललं तर चालेल, दमटपणा हलता कामा नये!

'एअर कंडिशनिंग' हा शब्दही गिरणीतूनच आला. अमेरिकेतला कापड गिरण्यांचा इंजिनिअर स्टुअर्ट क्रेमर यानं 1906 मध्ये तो वापरला, सुतासाठी हवा तयार करण्याच्या अर्थानं.

घरात ही सोय आली 1914 च्या सुमाराला, मिनियापोलिसमधल्या एका लक्षाधीशाच्या वाड्यात. मालक चार्ल्स गेट्स, घर पूर्ण व्हायच्या आधीच वारला. म्हणजे सूत झालं, कागद झाला, श्रीमंत झाले. गिरणगावातला कामगार मात्र दमट खात्यातून सुटून चाळीतल्या ओल आलेल्या खोलीतच परतत होता.

मग आपले जुने लोक काय करायचे? कोकणात चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला काढला आणि ती कौलं पश्चिम किनारपट्टीवर पसरली. कौलांच्या फटींतून गरम, ओली हवा वर निघून जायची. खाली चूल पेटलेली, त्यामुळे माळ्यावरची सुपारी, लाकडं, धान्य कोरडं राहायचं. अर्थात तो धूर आधी बायकांच्या फुफ्फुसातून जायचा, तेव्हा 'जुनं ते सोनं' म्हणायची घाई नको.

स्लॅबच्या फ्लॅटला फटी नाहीत. बादलीभर ओले कपडे आत वाळवले की त्यातलं लिटर-दोन लिटर पाणी तुमच्याच हवेत जातं. कुकरची वाफ, आंघोळीची वाफ, सगळी तिथेच. त्यामुळे एक्झॉस्ट फॅन स्वयंपाक संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. एसीच्या रिमोटवर थेंबाचं चित्र असलेला 'ड्राय' मोड असतो, तो म्हणजे कॅरियरची 1902 ची युक्ती. पाईपमधून टपटपणारं पाणी मघापर्यंत तुमच्या हवेत होतं. आणि एसीनं गार केलेल्या खोलीची खिडकी भर पावसात उघडलीत, तर आरशावर, फरशीवर लगेच दव धरेल.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींचं गणित उलटं. मे महिन्यात तुमचा कूलर कमाल करतो, कारण कोरड्या हवेत पाणी झटकन उडतं. जुलैत तोच कूलर नुसती चिकचिक वाढवतो, तेव्हा पाणी बंद करून फक्त पंखा चालवा.

छोटा डिजिटल हायग्रोमीटर ऑनलाइन सहज मिळतो. 40 ते 60 टक्क्यांच्या मधे काटा असेल तर उत्तम. सतत 60 च्या वर राहिला, तर बुरशी कपाटाच्या मागच्या बाजूनं सुरुवात करते, जिथे आपण बघतच नाही. आज रात्री कपाट जरा पुढे ओढून बघा आणि काय सापडलं ते व्हॉइस नोटमध्ये कळवा.