'मेमरीज ऑफ मर्डर': कोडे खुन्याचे नव्हतेच

बोंग जून-हो यांच्या 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) या कोरियन चित्रपटाबद्दल गेल्या काही वर्षांत एक मत रूढ झाले आहे. दक्षिण कोरियातल्या ह्वासोंग भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे खून झाले. खुनी सापडला नाही, आणि त्या न सापडण्यावरच चित्रपटाची सारी घुसमट उभी होती. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये जपून ठेवलेल्या पुराव्यांवरचा डीएनए ली चुन-जे या कैद्याशी जुळला. मेहुणीच्या खुनाबद्दल तो १९९४ पासून तुरुंगातच होता. त्याने एकूण चौदा खुनांची कबुली दिली. तेव्हा कोडे सुटले, चित्रपटाचा अधांतरी शेवट आता कालबाह्य झाला, असे हे मत सांगते.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. शेवटच्या दृश्यात माजी पोलीस पार्क दू-मान (सोंग कांग-हो) थेट कॅमेऱ्यात पाहतो. ती नजर प्रेक्षागृहात येऊन बसलेल्या खुन्याशी भिडावी, हा हेतू खुद्द दिग्दर्शकानेच सांगितलेला आहे. आणि २०२० मध्ये न्यायालयात ली म्हणाला, की त्याने तुरुंगात हा चित्रपट पाहिला, पण त्याला काही वाटले नाही. मग त्या नजरेचे काय उरले?

पुष्कळ उरले. 'खून कोणी केला' हा प्रश्न या चित्रपटाला आपण प्रेक्षकांनी चिकटवला आहे. चित्रपट पहिल्या अर्ध्या तासातच वेगळा प्रश्न विचारू लागतो: कबुली कोणाच्या तोंडून आणि कशी वदवून घेतली जाते?

शेतातले दृश्य आठवा. मऊ मातीत बुटाचा एक ठसा उमटला आहे. पार्क त्याभोवती गोल आखतो, लोकांना ओरडून मागे हटवतो. बघ्यांची गर्दी, पोरांची धावपळ, उतारावरून घसरून पडणारे अधिकारी. तेवढ्यात एक ट्रॅक्टर येतो आणि ठशावरून निघून जातो. पुढे गावातला एक मतिमंद तरुण पकडला जातो, आणि त्याचाच बूट मातीत दाबून पोलीस नवा ठसा तयार करतात. तळघरात त्याला लाथा बसतात. मग मारणारे आणि मार खाणारा एकत्र बसून नूडल्स खातात, समोर टीव्हीवर पोलिसांची मालिका चालू असते. या जेवणात क्रौर्य इतके अंगवळणी पडलेले दिसते, की कोणाचाही घास अडकत नाही. मला तरी कुठल्याही प्रेतापेक्षा हे जेवण जास्त भयंकर वाटते.

याला नुसता गावठी पोलिसांचा अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी काळ विसरू नये. चुन दू-ह्वान यांची लष्करी राजवट होती. जानेवारी १९८७ मध्ये पार्क जोंग-चुल हा विद्यार्थी सोलमध्ये पोलिसांच्या छळाने मेला, आणि त्या वर्षीच्या जूनमधल्या लोकशाही आंदोलनामागे तो संताप होता. चित्रपटात एका रात्री खून होणार असे वाटत असताना जादा पोलीस मागितले जातात, तर कुमक मोर्चा दडपायला गेलेली असते. नागरी संरक्षणाच्या सरावासाठी गावातले दिवे विझतात, दुकानांची शटर खाली येतात, आणि त्याच अंधारात एक शाळकरी मुलगी मारली जाते. माणसांना धाकात ठेवण्यात गुंतलेल्या सत्तेकडे त्यांना वाचवायला हात मोकळे नव्हते. याला दुष्टपणाचे अथांग गूढ म्हणणे म्हणजे त्या राजवटीला सोडून देणे आहे.

आता चित्रपटाच्या शेवटाकडच्या बोगद्यापाशी या. सोलहून आलेला पोलीस सो ते-युन (किम सांग-क्युंग) कागदपत्रे खोटे बोलत नाहीत असे मानणारा. दुसऱ्या एका तरुण संशयिताचा डीएनए जुळत नाही, असा अहवाल अमेरिकेतून येतो. तोच सो पावसात तो कागद झिडकारतो आणि पिस्तूल रोखतो. तेव्हा आपल्यालाही वाटत असते, झाड गोळी. तसे वाटावे अशीच त्या दृश्याची बांधणी आहे. लीचे नाव कळल्यावर 'अरेच्चा, म्हणजे तो पोरगा नव्हता तर' असे पुष्कळांनी म्हटले. अहवालाने तर ते आधीच सांगितले होते. पुरावा नसताना आपण त्याला दोषी का धरले, याचे उत्तर लीच्या नावात मिळत नाही.

२०१९ नंतर जे खरोखर उघड झाले, त्याची चर्चा या मताच्या कैवाऱ्यांनी फारशी केलेली नाही. दहांपैकी आठवा खून, १९८८ चा, तेरा वर्षांच्या मुलीचा, सुटल्याचे मानले गेले होते. १९८९ मध्ये एका बावीस वर्षांच्या तरुणाला धरले. पोलिओमुळे त्याचा पाय अधू होता. झोपू न देता, मारहाण करून त्याच्याकडून कबुली घेण्यात आली. जोडीला केसांच्या तपासणीचा प्रयोगशाळेचा अहवाल होता. फेरखटल्यात तोही सदोष ठरला. वीस वर्षे तुरुंगात काढून तो २००९ मध्ये पॅरोलवर सुटला. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तो आतच होता.

दिग्दर्शकाला हे ठाऊक नव्हते, मग त्याचे श्रेय चित्रपटाला कसे, असे कोणी विचारील. चित्रपटाने भाकीत केले असा माझा दावाच नाही. त्याने पद्धत अचूक दाखवली, आणि ती पद्धत जिथे असेल तिथे असा एखादा निरपराध माणूस तुरुंगात असतोच. आणि खरा खुनी हातातून निसटतो: लीलाही त्या काळात पोलिसांनी चौकशीसाठी बोलावले होते. गुन्हेगाराचा रक्तगट 'बी' असे त्यांनी धरले होते, लीचा 'ओ' निघाला, आणि त्याला सोडून दिले.

डिसेंबर २०२० मध्ये सुवोनच्या न्यायालयाने वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या त्या माणसाला निर्दोष ठरवले आणि त्याची माफी मागितली. दहा खुनांबद्दल लीवर खटला भरता आला नाही, कारण कायद्याने ठरवलेली पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्येच संपली होती. कबुली उकळणाऱ्या पोलिसांवरही मुदत संपल्यामुळेच खटला उभा राहू शकला नाही.