हारीति आणि जपानचे कामी

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत मुख्य गाभाऱ्याच्या उजवीकडे एक लहानसें गर्भगृह आहे. त्यांत हारीति व पांचिक हें यक्षदांपत्य बसलें आहे. हारीति ही मूळची मुलें खाणारी यक्षिणी. बुद्धानें तिला शांत केलें आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली, अशी कथा आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील हें शिल्प पाहून आम्हांस जपानच्या शिंतो धर्माची आठवण होते, आणि ती अकारण नव्हे.

शिंतो धर्मास कोणी संस्थापक नाहीं. ७१२ सालचा 'कोजिकी' व ७२० सालचा 'निहोन शोकी' यांत त्याच्या देवकथा आहेत. डोंगर, धबधबा, जुनाट वृक्ष, पराक्रमी पुरुष, ज्याच्यापुढें मन आदरानें वा भयानें नमतें तो 'कामी'. शिवेवरील शेंदूर फांसलेल्या धोंड्यास हात जोडणाऱ्या मराठी माणसास हें समजावून सांगावें लागत नाहीं. भक्त 'तोरी' नांवाच्या तोरणाखालून आंत शिरतो, हात धुऊन चूळ भरतो. मग बहुधा दोनदां वांकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हां एकदां वांकतो. शुद्धि हें या धर्माचें मर्म होय. इसे येथील सूर्यदेवी आमातेरासूचें देऊळ दर वीस वर्षांनीं नवें बांधतात. २०१३ सालीं तें असेंच नवें झालें.

सहाव्या शतकांत बौद्ध धर्म जपानांत गेला. आरंभीं तंटे झाले. पण पुढें कामीच बुद्धाचे रक्षक बनले. ७४९ सालीं हाचिमान हा देव नारा येथील महाबुद्धाच्या साह्यार्थ वाजतगाजत आणिला गेला, आणि ७५२ सालीं त्या मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधि बोधिसेन या भारतीय भिक्षूनें केला. आपली हारीतिहि तेथें 'किशिमोजिन' या नांवानें पूजिली जाऊं लागली.

हा हजार वर्षांचा शेजार १८६८ सालीं मेइजी सरकारच्या हुकुमांनीं तोडला. कामींच्या देवळांतून बुद्धमूर्ति काढल्या गेल्या. ठिकठिकाणीं विहार मोडले. शिंतो हा राज्याचा आधारस्तंभ ठरला, सम्राटाचें दैवी कुळ शाळाशाळांतून शिकविलें गेलें. मग कामींचें तरी कल्याण झालें काय? १९०६ नंतर सरकारनेंच देवळांचें एकीकरण आरंभिलें आणि खेड्यापाड्यांतील हजारों लहान देवळें नाहींशीं झालीं. शेवटीं महायुद्धांतील पराभवानंतर, डिसेंबर १९४५ मध्यें, दोस्तांच्या आज्ञेनें राज्य व शिंतो यांची फारकत झाली.

हारीतीपुढें उभें राहिलें असतां आम्हांस एवढेंच वाटतें कीं, गांवच्या देवास राज्याचें सिंहासन मिळालें म्हणजे त्याची शीव त्याच्या हातची जाते.