व्हॉल्व्ह बदलण्याआधी

दिवाळीत सोलापूरला गेलो होतो, तेव्हा वडिलांचा ॲम्प्लिफायर माळ्यावरून खाली काढला. १९६९ साली त्यांनी स्वतः जोडलेला. दोन चॅनेल, प्रत्येकाला एक ईएल८४, त्याच्या आधी ईसीसी८३. वडील आता नाहीत, आणि आईला एकदा तरी त्यावर रेकॉर्ड ऐकायची होती. लावला, तर एका बाजूने नुसती घरघर.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. इंटरनेटवरून ‘मुलार्ड’ छापलेली नवी जोडी मागवली. चांगलीच महाग. बसवली, आणि दहा मिनिटांत एका व्हॉल्व्हमधली प्लेट लालबुंद! धावत जाऊन प्लग ओढला.

नवी पेठेत जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी माझ्या महागड्या व्हॉल्व्हकडे बघितलंसुद्धा नाही. "आधी कंडेन्सर बदलला का बे?" एवढंच विचारलं.

नव्हता बदलला. जुना कागदी कंडेन्सर गळायला लागला की आधीच्या व्हॉल्व्हचं पॉझिटिव्ह व्होल्टेज ईएल८४च्या ग्रिडवर येतं. मग तो बेफाम करंट ओढतो. तिथे कुठल्याही कंपनीचा व्हॉल्व्ह जळेल, आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जाईल. थोडक्यात, बग कोडमध्ये होता आणि मी सर्व्हर बदलत बसलो होतो!

कंडेन्सर बदलल्यावर काकांनी बिस्किटाच्या डब्यातून दोन व्हॉल्व्ह काढले, टेस्टरवर तपासले आणि लावले. वर छापलं होतं ‘बीईएल’. माझा चेहरा पडला असावा. देशी माल म्हणजे दुय्यम, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं ना!

घरी येऊन वाचत बसलो. भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली बंगलोरला निघाली ती संरक्षण खात्यासाठी. १९५७ला विविध भारती सुरू झाली, रेडिओ घराघरांत शिरू लागले, पण रेडिओचा जीव असलेला व्हॉल्व्ह परदेशातून आणायचा म्हणजे परकीय चलन मोजायचं, आणि त्याचा तर तुटवडा. १९६१ साली बीईएलने रेडिओचे व्हॉल्व्ह इथेच बनवायला घेतले. तंत्रज्ञान कुणाचं? फिलिप्सचं. आणि इंग्लंडची मुलार्ड कंपनी कुणाची? १९२०च्या दशकापासून तीही फिलिप्सचीच. म्हणजे ज्या घराण्याच्या नावाला मी पैसे मोजले, त्याच घराण्याचा चुलतभाऊ सोलापुरात बिस्किटाच्या डब्यात पडून होता. आणि आज नवे ‘मुलार्ड’ बनतात ते रशियातल्या साराटोव्हला. माल वाईट नाही, पण ब्लॅकबर्नच्या जुन्या कारखान्याशी त्याचं नातं फक्त नावापुरतं.

नाव बघण्यापेक्षा नंबर वाचायला शिकावं. ईएल८४मधला ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचं फिलामेंट, ‘एल’ म्हणजे पॉवर पेंटोड, आणि आठाने सुरू होणारा आकडा म्हणजे नऊ पिनांचा छोटा बेस. अमेरिकेत हाच ६बीक्यू५, सोव्हिएत रशियात ६पी१४पी. फिलिप्स घराण्याच्या जुन्या व्हॉल्व्हवर काचेत बारीक कोड असतो. त्यात ‘बी’ म्हणजे ब्लॅकबर्न, मग वर्षाचा आकडा. वरची छपाई पुसून दुसरी करता येते, हा कोड बदलणं तेवढं सोपं नाही.

तुम्हीही घरातला जुना ॲम्प काढणार असाल, तर आधी कंडेन्सर. मग मोजून दिलेले, दोन्ही चॅनेलला सारखे व्हॉल्व्ह. नवे हवे असतील तर स्लोव्हाकियातल्या जेजेचे मिळतात. आवाजाच्या गोडव्याच्या गप्पा त्यानंतर.

आईने दोन्ही बाजू ऐकल्या. मग म्हणाली, "यांनी कायम हेच व्हॉल्व्ह वापरले. तुला विचारायचं सुचलं नाही होय?"