आजोबांची दुनळी विकून स्वप्नातलं पिस्तूल घ्यायचंय? आधी हे वाचा

समजा, तुमच्या घरी आजोबांच्या काळातली १२ बोअरची दुनळी बंदूक आहे. वडिलांनी घेतलेली .३१५ ची रायफलही आहे. दोन्ही परवान्यावरच्या. दोन्ही वर्षातून दोनदा तेलपाणी करण्यापुरत्या कपाटाबाहेर येतात आणि परत आत जातात. तुमच्या डोक्यात मात्र कॉलेजच्या दिवसांपासून एकच गोष्ट बसलेली आहे, ती म्हणजे वॉल्थर पीपीके. जेम्स बाँडच्या हातातलं ते छोटंसं जर्मन पिस्तूल.

मग एक दिवस डोक्यात येतं, की या दोन्ही विकून टाकल्या तर?

अमेरिकेत बंदुकांचा नाद असलेल्या लोकांना हा प्रश्न रोज पडतो. तिथं एखाद्याकडे सहा-सात बंदुका असतात, त्यातल्या तीन विकायच्या आणि एक मनासारखी घ्यायची. एकाच राज्यात राहणाऱ्या दोन माणसांनी आपसात केलेल्या विक्रीला तिथल्या अनेक राज्यांत फारसं कागदपत्रही लागत नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी हा प्रश्न पैशाचा आणि मनाचा. आपल्याकडे तो आधी कायद्याचा आहे, मग बाजाराचा, आणि मन तिसऱ्या नंबरवर येतं. चुकलात तर बंदूकही जाते, पिस्तूलही मिळत नाही आणि हातात राहते ती नुसती पावती.

दोनच का?

भारतात बंदुकांचा सगळा कारभार चालतो तो शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्यावर. आधी एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता यायच्या. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला आणि ही संख्या दोनवर आली. खरं तर सरकारच्या मूळ विधेयकात एकच बंदूक ठेवायची तरतूद होती, विरोध झाल्यावर दोनवर तडजोड झाली. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना तिसरी एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायला लावली.

वारसाहक्कानं मिळालेली बंदूकही या दोनमध्येच मोजली जाते. म्हणजे "ती तर आजोबांची आठवण आहे, ती कशाला धरता" असं म्हणून चालत नाही. सवलत आहे ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदांना, आणि तीसुद्धा सरावाच्या .२२ रायफल आणि एअर रायफलपुरती.

म्हणून वरच्या उदाहरणातल्या माणसाची अडचण पैशाच्या आधी जागेची आहे. दोन्ही जागा भरलेल्या. पिस्तुलाचे पैसे बँकेत तयार असले तरी एक बंदूक घराबाहेर गेल्याशिवाय ते घेता येणार नाही. काहीजण सुचवतात की दुकानदाराकडे ठेवून द्या. पण नुसती ठेवायला दिलेली बंदूक मालकीनं तुमचीच राहते, परवान्यावरची नोंद तशीच राहते आणि जागा काही मोकळी होत नाही.

दुनळी आणि पिस्तूल यांचा परवाना सारखा नसतो

इथं बहुतेक लोक फसतात. हातात शस्त्र परवाना आहे, म्हणजे त्यावर एक वजा करून दुसरं लिहून मिळेल असं त्यांना वाटतं.

कायद्याचं कलम १३ वाचलं तर फरक कळतो. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी लागणारी, किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली १२ बोअर, आणि शेतीच्या रक्षणासाठी लागणारी ठासणीची बंदूक यांच्यासाठी कायद्याची भाषा तुलनेनं मोकळी आहे. बाकी सगळ्यासाठी, म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि रायफलसाठी, अर्जदाराकडे "सबळ कारण" आहे याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. "लहानपणापासूनची इच्छा" हे त्या रकान्यात बसत नाही.

कोकणात सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे रानडुकरं आणि माकडांपासून शेती वाचवायला घेतलेल्या बंदुका पुष्कळ आहेत. त्यांच्या परवान्यावर कारण म्हणून शेतीसंरक्षणच लिहिलेलं असतं. ती बंदूक विकून पिस्तूल मागायला गेलात तर पहिला प्रश्न हाच येणार, की पिस्तुलानं रानडुकरं कशी हाकलणार?

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात (पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्त, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी) शस्त्रबदलाचा अर्ज करा. काय विकणार आणि त्या जागी काय घेणार, हे त्यात स्पष्ट लिहा. लेखी परवानगी हातात आली की मगच गिऱ्हाईक शोधा. उलट केलंत आणि अर्ज फेटाळला गेला, तर आजोबांची दुनळी परत मिळवायचा कुठलाच मार्ग नाही. ती तोवर तिसऱ्याच्या परवान्यावर चढलेली असते.

पिस्तूल ठरवतानाही कॅलिबर बघून घ्या. सामान्य नागरिकाला .३२ मिळू शकतं. ९ एमएम, .३८ आणि .३०३ ही "प्रतिबंधित बोअर"मध्ये मोडतात. सिनेमात दिसणारी निम्मी पिस्तुलं इथंच यादीतून गळतात.

विकायची कशी?

तुम्ही दुकानदार नसलात तरी स्वतःची परवान्यावरची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकता. कलम ५ तशी मुभा देतं, पण अटीवर. विकण्याचा इरादा, आणि कोणाला विकणार त्याचं नाव-पत्ता, हे जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. विकत घेणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या शस्त्राची परवानगी हवी आणि त्याच्या परवान्याला यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक हवा.

आज दिली, उद्या कागद करू, असा व्यवहार मित्राशीसुद्धा करू नका. बेकायदा विक्रीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे.

हा लेख फोनवर वाचत असाल तर आणखी एक. बंदुकीचा फोटो टाकून "विकणे आहे, इनबॉक्स करा" अशी पोस्ट टाकू नका. तुमच्या कपाटात काय आहे हे चोरालाही कळतं. आणि "घरपोच पिस्तूल, निम्मे पैसे आगाऊ" असा मेसेज तुम्हाला आला तर त्यामागे एकतर फसवणूक असते किंवा गावठी कट्टा. दोन्हीत नुकसान तुमचंच.

सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग म्हणजे परवानाधारक शस्त्र दुकानदार. काहीजण रोख विकत घेतात, काहीजण कमिशनवर ठेवून गिऱ्हाईक आणतात. दुसऱ्या मार्गात पैसे जरा जास्त मिळतात, पण वाट पाहावी लागते.

किती येतील?

इथं बहुतेकांचा भ्रमनिरास होतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि शिकारीचा नाद संपला. तेव्हापासून १२ बोअरला गिऱ्हाईक उरलं ते शेतकरी, सुरक्षारक्षक आणि क्ले टार्गेटवर नेम धरणारे थोडेसे खेळाडू. साधी भारतीय बनावटीची जुनी दुनळी विकली तर हजारांतच पैसे येतात.

याउलट परदेशी पिस्तुलाचं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी विदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद झाली. नामवंत नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले तर नवीन माल येत नाही. त्याआधी आलेली वॉल्थर, वेब्ली, ब्राउनिंग हीच या हातातून त्या हातात फिरत राहतात. जे जुनं पिस्तूल अमेरिकेत काहीशे डॉलरला मिळतं, त्यासाठी इथं लोक काही लाख मोजतात. माल तोच, किंमत आपल्या आयातबंदीची. ही बंदी कधी सैल झाली तर या किमती कोसळतील, हे "गुंतवणूक म्हणून घेतोय" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

म्हणजे दुनळी आणि रायफल दोन्ही विकूनही पीपीकेच्या किमतीचा एक कोपरा भरतो. बाकीचे पैसे खिशातूनच जाणार असतील तर आजोबांची बंदूक विकण्याचं कारण फक्त जागा एवढंच उरतं, आणि जागा दुसऱ्या मार्गानंही मोकळी होते. तो मार्ग खाली येतोच.

विकण्याआधी जुनी बंदूक जाणकाराला दाखवा. कधीकधी कपाटात भलतंच निघतं. नळीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमचे चाचणी शिक्के, बॉडीवर होलंड अँड होलंड, वेस्टली रिचर्ड्स, ग्रीनर अशी नावं असतील तर दुकानदाराच्या पहिल्या आकड्याला हो म्हणू नका. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस पद्धतीची असण्याची शक्यता आहे. अशी नळी काळ्या दारूच्या काळातली असते. "एकदा उडवून बघू" म्हणून तिच्यात आजचं काडतूस घालणं म्हणजे स्वतःच्या बोटांशी खेळ.

स्वप्न घरी आल्यावर काय?

पीपीके १९३१ मध्ये बाजारात आलं. आपल्याकडची त्यांतली बहुतेक किमान ४० वर्षं जुनी. स्प्रिंगा थकलेल्या, मॅगझिन एकच, सुटे भाग शोधत फिरायचं. किती बार झालेत याचा मीटर नसतो.

मग काडतुसं. .३२ म्हटलं की सगळं एकच असं समजू नका. पिस्तुलाचं .३२ वेगळं आणि भारतीय रिव्हॉल्व्हरचं .३२ लांब काडतूस वेगळं, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. देशी काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात तयार होतात. हा कारखाना १८६९ चा आहे आणि काडतुसाच्या बुडावर "केएफ" दिसलं तर ते खडकीचं. विदेशी काडतूस त्याच्या कित्येक पट महाग पडतं आणि वर्षाला किती घ्यायची ते परवान्यावर ठरलेलं असतं. म्हणजे लाखांचं पिस्तूल घेऊन सरावाला मोजून बार, अशी गत होते.

देशी पर्यायही आधीसारखे एक-दोनच राहिलेले नाहीत. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर जुनंच आहे. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून "निर्भीक" आलं, तेव्हा किंमत होती १ लाख २२ हजारांच्या घरात. २०२३ मध्ये सरकारी कंपनीनं बाजूला उघडणाऱ्या चक्राचं "प्रबळ" आणलं. ब्रिटनच्या वेब्ली अँड स्कॉटचं रिव्हॉल्व्हरही आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतं. यांच्यावर बाँडचा शिक्का नाही हे खरं, पण सुटे भाग मिळतात आणि बिल नवीन असतं. संरक्षण हेच खरं कारण असेल तर माझ्या मते ४० वर्षं जुन्या पीपीकेपेक्षा हे शहाणपणाचं. आणि खरी हौस नेमबाजीची असेल तर तेही सोडा. ठरावीक शक्तीच्या आतल्या .१७७ एअर पिस्तुलाला शस्त्र परवानाच लागत नाही, कपाटातलं काही विकावं लागत नाही आणि दिवसाला शंभर बार मारले तरी खिसा रिकामा होत नाही.

बंदूक घरातच ठेवून जागा मोकळी करायची असेल तर

शस्त्र नियम २०१६ मध्ये एक सोय आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा ती बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच ती आपल्या कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करू शकतो. वारस २१ वर्षांचा पूर्ण हवा आणि त्याची चौकशी नव्या अर्जदारासारखीच होते.

म्हणजे दुनळी तुमच्या नावावर येऊन २५ वर्षं झाली असतील तर ती मुलीच्या किंवा मुलाच्या परवान्यावर जाऊ शकते. तुमच्या परवान्यावर जागा रिकामी, बंदूक घरातच. पैसे मिळत नाहीत, पण ते तसेही फार मिळणार नव्हते.

बंदूक अजून वडिलांच्याच नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर विक्रीचा विषय काढण्याआधी भावंडांशी बोला. बाकी वारसांची ना हरकत लागते आणि ज्या बंदुकीकडे वीस वर्षं कोणी पाहिलं नाही ती विकायची म्हटल्यावर सगळ्यांना तिची आठवण येते. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती तशीच घरात ठेवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे आधी ती पोलीस ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा करून पावती घ्या. त्या पावतीवर बंदुकीचा नंबर, बनावट आणि काडतुसांची संख्या नीट लिहिली आहे का ते तिथंच उभं राहून तपासा. निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करावी लागते तेव्हाही हीच पावती पुढे उपयोगी पडते.