कर्करोगाचा अहवाल रुग्णाला कोणी सांगायचा?

कर्करोगाची शंका आल्यावर काढलेला गाठीचा तुकडा आणि त्याचा अहवाल रुग्णापर्यंत पोचण्याआधी अनेक हातांतून जातो. या मार्गावरचा प्रत्येक जण तो कागद वाचू शकतो. मात्र निदान सांगण्याची जबाबदारी प्रत्येकाची नसते. मोठ्या रुग्णालयांपासून दूर असलेल्या रायगड जिल्ह्यातील तळ्यासारख्या ठिकाणी हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

तळ्याहून महामार्गावर यायचे तर इंदापूर गाठावे लागते. उपजिल्हा रुग्णालय माणगावला, जिल्हा रुग्णालय अलिबागला आणि कर्करोगाचे विशेष उपचार खारघरच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये किंवा 1941 साली सुरू झालेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात. त्यामुळे तुकडा एका गावी काढला जातो, तपासला दुसरीकडे जातो आणि उपचार तिसरीकडेच होतात. अहवाल आणायला बहुधा मुंबईत नोकरीला असलेला मुलगा किंवा जावई जातो. साहजिकच निदान सर्वांत आधी त्याला कळते, आणि डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगण्याची वेळ त्याच्यावर येते.

निदान लिहितो तो पॅथॉलॉजिस्ट, म्हणजेच विकृतिशास्त्रतज्ज्ञ. तुकडा फॉर्मेलिनमध्ये टिकवला जातो, मेणाच्या ठोकळ्यात बसवला जातो आणि त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. या कामाला काही दिवस लागतात. विशेष रंजक चाचण्या कराव्या लागल्यास आणखी. प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच स्वाक्षरी हवी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये घेतली. तरीही हा तज्ज्ञ रुग्णाला सहसा भेटत नाही. रुग्णाचे वय, इतर आजार, स्कॅनचे चित्र हे सारे त्याच्यासमोर असतेच असे नाही. क्ष-किरणतज्ज्ञाचीही स्थिती तशीच.

म्हणूनच निकाल सांगण्याचे काम तपासणी सुचवणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरचे आहे. तुकडा काढणारा शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसातज्ज्ञ किंवा पुढच्या टप्प्यावर कर्करोगतज्ज्ञ हे काम करतो. नुसता कागद हाती आल्यास काय होते, याचे उदाहरण मॅमोग्राफीच्या अहवालात सापडते. त्यात 'बायरॅड्स 4' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की छायाचित्रात संशयास्पद काही दिसते आणि तुकडा तपासणे आवश्यक आहे. घरी मात्र तो आकडा 'चौथी स्टेज' म्हणून वाचला जातो आणि रडारड सुरू होते. 'ग्रेड' आणि 'स्टेज' या शब्दांचीही अशीच गल्लत होते. ग्रेड पेशींचे स्वरूप सांगते, तर स्टेज आजार किती पसरला ते सांगते. आणि ती बऱ्याचदा पुढील तपासण्यांनंतरच ठरते.

परिचारिका, आरोग्यसेविका आणि आशा यांचे स्थान वेगळे आहे. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील नागरिकांची तोंडाच्या, तर स्त्रियांची त्यासोबत स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी चाळणी केली जाते. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावले की साधारण मिनिटभरात पांढरा चट्टा दिसतो किंवा दिसत नाही. निकाल तिथेच कळतो आणि प्रशिक्षित परिचारिका तो सांगू शकते. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तेथे ही तपासणी दहावीपर्यंत शिकलेल्या, अल्प प्रशिक्षण दिलेल्या महिलांनी केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2013 मध्ये जाहीर झाले. परंतु चट्टा दिसणे म्हणजे कर्करोग नव्हे. चाळणीचा निकाल सांगणे आणि निदान सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावात सर्वांना ओळखणाऱ्या आशाताईने 'डॉक्टरांनी बोलावले आहे, सोबत कोणाला तरी घ्या' एवढेच सांगणे योग्य. त्यापलीकडचे प्रश्न तिच्यावर लादू नयेत.

खरा पेच असतो तो कुटुंबाचा. 'आईला सांगू नका, ती खचेल,' अशी विनंती डॉक्टरांना नेहमीच ऐकावी लागते. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रुग्ण, नातेवाईक किंवा जबाबदार स्नेह्यांना हिताची माहिती मिळेल हे पाहावे, असे त्यात म्हटले आहे. या 'किंवा'नेच पळवाट ठेवली, असे म्हणावे लागेल. त्याच संहितेत रुग्णाची गुपिते उघड न करण्याचे बंधनही आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत माहितीचा हक्क रुग्णाचा मानला आहे. ज्याला केमोथेरपीची सुई टोचून घ्यायची आहे, केस गळताना पाहायचे आहेत, त्याच्यापासून आजाराचे नाव लपवता येते तरी किती दिवस? रुग्णालयातील फलकच ते सांगून टाकतो.

परदेशांत व्यवस्था निराळ्या आहेत. ब्रिटनमध्ये निदान सांगताना बहुधा विशेषज्ञ परिचारिका सोबत बसते आणि डॉक्टर गेल्यावरच्या शंका तीच निस्तरते. अमेरिकेत एप्रिल 2021 पासूनच्या नियमामुळे अहवाल तयार होताच रुग्णाला ऑनलाइन दिसतो. अनेकांना निदान डॉक्टरच्या आधी पडद्यावर कळते. आपल्याकडेही खासगी प्रयोगशाळांचे अहवाल मोबाइलवर येऊ लागले आहेत.

यावर उपाय तपासणीच्या दिवशीच करता येतो. अहवाल कधी मिळेल, तो कोण समजावून सांगेल, सोबत कोणाला बसवायचे आणि मोबाइल क्रमांक कोणाचा लिहायचा, हे रुग्णाला विचारूनच ठरवावे. त्याला स्वतः ऐकायचे नसेल, तर तेही त्यानेच सांगावे. मुंबईला जाताना अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्यावा. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा तपासल्या जातात आणि त्या नसतील तर तळ्याहून आणखी एक खेप पडते. रुग्णालयाकडे नोंदी मागितल्यास 2002 च्या त्याच संहितेनुसार त्या 72 तासांत द्याव्या लागतात.