पांढऱ्या कापडाची जोडी

रायपूरच्या घडी चौकातलं मोठं घड्याळ तासागणिक छत्तीसगढी लोकधून वाजवतं. काळाच्या प्रवासाला निघायचं तर याहून सोयीची जागा शोधू नका. धून संपायच्या आत आरंगच्या रस्त्याला लागा, महानदी ओलांडा, कुहरीच्या फाट्यावरून आत वळा. ऐंशीएक किलोमीटरवर सिरपूर लागेल. मात्र विटांची जोती, माहितीफलक आणि सहलीची शाळा असलेलं आजचं सिरपूर आपल्याला बघायचं नाही. उतराल तेव्हा वर्ष 639 असेल आणि गावाचं नाव असेल श्रीपूर.

तुम्ही श्रामणेर, म्हणजे विहारातले शिकाऊ भिक्षू आहात. वय सोळा-सतरा. डोक्याचा गोटा अजून उन्हात चरचरतो. तुमच्याकडे काम एकच: दारात आलेल्या भिक्षूचे पाय धुवायला पाणी द्यायचं, पात्र हातातून घ्यायचं आणि विचारायचं, वर्षावास किती झाले? त्या उत्तरावर पंगतीतली त्याची जागा ठरते. कुठला, कोणाचा शिष्य, कुठल्या मताचा, हे सगळं जेवणानंतर.

आज आलेला पाहुणा कलिंगाकडून जंगलाच्या वाटेनं आलाय. चाळिशीला टेकलेला, उंच, संस्कृत स्वच्छ बोलणारा, पण काही अक्षरं त्याच्या जिभेवर वेगळी पडतात. घर सोडून त्याला दहाएक वर्षं झाली आहेत. नाव सांगतो ते तुम्हाला धड उच्चारता येत नाही. आपण त्याला शाळेच्या पुस्तकात ह्युएन त्संग म्हणायचो. तो टिपून ठेवतो: या कोसल देशात शंभरावर विहार, भिक्षू दहा हजारांच्या जरा आत, सगळे महायानी, देवळं सत्तरच्या आसपास, राजा क्षत्रिय, धम्माला मानणारा. (त्याची राजधानी म्हणजे सिरपूरच, असं आज बरेच अभ्यासक धरतात. कनिंगहॅमनं मात्र आपल्या चांद्याकडे बोट दाखवलं होतं, तेव्हा चंद्रपूरकरांनी थोडा हक्क राखून ठेवायला हरकत नाही.)

तो इथं महिन्याहून जास्त राहतो. कशासाठी? हेतुविद्येत, म्हणजे तर्कशास्त्रात, पारंगत असलेला एक ब्राह्मण या देशात आहे, त्याच्याकडे बसून दिङ्नागाचा ‘प्रमाणसमुच्चय’ वाचायला. चीनचा भिक्षू, ब्राह्मण गुरू, बौद्ध ग्रंथ. तुम्हाला यात काही नवल वाटत नाही, कारण तुम्ही सातव्या शतकात आहात.

संध्याकाळी एक म्हातारे भंते पाहुण्याला नगराच्या दक्षिणेकडच्या जुन्या विहाराची गोष्ट सांगतात. तिथं नागार्जुन राहत. एक दिवस सिंहल बेटावरून आर्यदेव नावाचा तरुण वाद घालायला आला. नागार्जुनांनी शिष्याच्या हाती काठोकाठ पाणी भरलेलं पात्र बाहेर पाठवलं. आर्यदेवानं एक शब्द न बोलता त्यात सुई टाकली. शिष्य गोंधळला, गुरू खूश झाले. आपलं ज्ञान काठोकाठ भरलंय असं म्हणणाऱ्याला पोराचं उत्तर होतं की मी तळ गाठीन. आर्यदेव तिथंच राहिला. पाहुणा ही गोष्ट लिहून घेतो, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. एकजण समुद्रापलीकडून आला, एकजण हिमालयापलीकडून, आणि दोघांची गाठ पडली ती कोसलाच्या मातीतल्या एका किश्श्यात.

आता जरा इकडेतिकडे फिरा. भिक्षू आनंदप्रभानं बालार्जुन राजाच्या काळी बांधलेला विहार बघा. मधे चौक, भोवती खोल्या, गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतले बुद्ध. शिलालेखात त्यानं जे नोंदवलंय ते तत्त्वज्ञान नाही; भिक्षूंच्या जेवणासाठी चालवलेलं सत्र आहे. राजा स्वतः शैव, ताम्रपटाच्या मुद्रेवर नंदी. तरी मल्हारला सापडलेल्या त्याच्या एका ताम्रपटात कैलासपूर गाव भिक्षुसंघाला दिलेलं आहे. ज्या छोट्या विहाराला ते दिलं, तो कोरदेवाची बायको अलका हिनं बांधलेला. राजाकडे शब्द टाकला मामानं, भास्करवर्म्यानं. बाईनं विहार बांधावा, मामानं भाच्याला गळ घालावी, आणि दानाचं पुण्य राजाच्या खात्यावर पडावं: हा व्यवहार तुम्हाला अगदी ओळखीचा वाटेल.

ह्युएन त्संग पुढे आंध्राकडे गेला, नंतर महाराष्ट्रातही आला. आपण त्याच्यामागे जायचं नाही. तेरा वर्षं पुढे उडी मारा आणि उत्तरेची वाट धरा.

वर्ष 652. बोधगयेच्या महाबोधी विहारातून निघालेल्या एका भिक्षूबरोबर तुम्ही चीनमधल्या चांगआन शहरात पोचला आहात. वाळवंट झालं, बर्फ झालं, टाचा फुटल्या. खांद्यावरच्या गाठोड्यात पत्रं आहेत आणि पांढऱ्या सुती कापडाची एक जोडी. ज्याला ती द्यायची तो, घरी परतलेला ह्युएन त्संग, मोठ्या विहाराच्या आवारात विटा वाहतोय. आणलेले ग्रंथ आगीपासून वाचावेत म्हणून मनोरा बांधायला काढलाय, आणि हा पन्नाशीचा पंडित स्वतः पाटी उचलतोय.

पत्र लिहिणारा प्रज्ञादेव महाबोधीचा, हीनयान परंपरेचा विद्वान. कान्यकुब्जाला या दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं, चारचौघांत. तोच प्रज्ञादेव आता प्रकृतीची चौकशी करतो. रिकाम्या हातानं विचारपूस कशी करायची म्हणून कापड पाठवलंय, वाट लांब म्हणून भेट थोडी, ती गोड मानून घ्यावी, असं त्याचं म्हणणं. आणि खाली कामाची गोष्ट: कोणते ग्रंथ हवेत त्यांची यादी कळवा, नकला करून पाठवतो.

उत्तर घेऊन तो भिक्षू निघेपर्यंत 654 उजाडतं. तोवर तुम्ही ते उत्तर लिहिलं जाताना बघू शकता. नालंदेच्या ज्ञानप्रभाला लिहिताना ह्युएन त्संगचा हात अडखळतो, कारण गुरू शीलभद्र गेल्याचं त्याला एका परतलेल्या राजदूताकडून कळलंय. परतीच्या वाटेवर सिंधू ओलांडताना घोड्यावरचं एक ओझं पाण्यात गेलं होतं. त्या ग्रंथांची यादी तो जोडतो, जमल्यास पाठवा म्हणतो. प्रज्ञादेवाला लिहितो, की वादात शब्द वरखाली होतातच, सभा संपली तेव्हाच ते मिटलं, मनात धरून कशाला बसायचं? इथवर वाचून तुमचे डोळे भरतात न भरतात, तोच पुढच्या ओळींत गृहस्थ पुन्हा सुरू: एवढे विद्वान तुम्ही, त्या अरुंद वाटेवर का थांबलात, महायानात या! मला या पत्रव्यवहारातली हीच जागा सगळ्यात आवडते. मत कोणीही सोडलं नाही. कापड घेतलं, यादी दिली, उलट भेट पाठवली.

मधली शतकं आपण झोपून काढू. श्रीपूरवर माती चढते, झाडी चढते, विहारांच्या विटा कोणाकोणाच्या घरात जातात.

1955 च्या आगेमागे जागे व्हा. मोरेश्वर गंगाधर दीक्षित नावाचे मराठी पुरातत्त्वज्ञ सिरपूरला उत्खनन करताहेत. तुम्ही त्यांच्या मजुरांतले एक. विहाराच्या खोल्या एकेक करून उघड्या पडताहेत. आणि चाळणीत एक तांब्याचं नाणं येतं, मधे चौकोनी भोक. तांग काळातलं चिनी नाणं, महानदीच्या काठी! कोणी आणलं ते नाण्यावर लिहिलेलं नाही. कनवटीला बांधून आणलेलं असणार एवढं खरं, आणि त्या माणसालाही दारात कोणीतरी पायांवर पाणी दिलं असणार. सिरपूरचा काही ठेवा रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. संग्रहालय 1875 चं, घडी चौकापासून चार पावलांवर, आणि बहुतेक वेळा रिकामं. रायपूरकरांनो, हे बरं नव्हे.

हातातली घमेली खाली ठेवा, पांढरे कपडे घाला आणि रायपूर स्टेशन गाठा. ऑक्टोबर 1956. धम्मदीक्षेसाठी नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. नागपूर अजून तुमच्याच राज्याची राजधानी आहे. अवघ्या अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, रायपूर एका राज्यात राहील आणि नागपूर दुसऱ्या. डब्यातल्या बायांना त्याची फिकीर नाही. एकीनं जुनी साडी धुऊन, नीळ न देता, जेवढी होईल तेवढी पांढरी केली आहे. नागपुरात पांढऱ्या साड्या मिळेनाशा झाल्याच्या आठवणी म्हातारी माणसं अजून सांगतात.

14 तारखेला श्रद्धानंद पेठेजवळच्या मैदानावर लाखोंच्या गर्दीत तुम्ही उभे आहात. मंचावर बाबासाहेब आणि माईसाहेब. त्यांना त्रिशरण-पंचशील देणारे वृद्ध भिक्खू चंद्रमणी महास्थविर कुशीनगरचे म्हणून ओळखले जातात, पण जन्मानं ते ब्रह्मदेशातल्या आराकानचे. मंचावर महाबोधी सोसायटीचे देवप्रिय वलीसिंहही आहेत, ते सिंहलचे. बाबासाहेबांनी हे धागे आधीपासून विणत आणले होते: 1950 मध्ये श्रीलंकेत जागतिक बौद्ध बंधुत्व परिषद स्थापन झाली तेव्हा ते हजर होते, 1954 मध्ये रंगूनला गेले, आणि दीक्षेनंतर महिन्याभरात काठमांडूला. मैदानावर दीक्षा चालू आहे: पाली शब्द आधी, मग त्याचं मराठी. तुमच्या शेजारची बाई मराठी शब्दांवर रडायला लागते.

6 डिसेंबरला तुम्ही पुन्हा नागपुरातच. त्या दिवशी गावात एक इंग्रज भिक्खू उतरलाय, संघरक्षित. कालिंपोंगला राहणारा, बाबासाहेबांना भेटलेला. पोचल्यावर थोड्याच वेळात त्याला बाबासाहेब गेल्याची बातमी कळते. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर जमलेल्या, सुन्न झालेल्या माणसांसमोर तो रिक्षावर उभा राहून बोलतो. एकेका वाक्याचं मराठी होतं. पुढच्या चार-पाच दिवसांत तो वस्त्यावस्त्यांतून चाळीसच्या आसपास भाषणं करतो. माझं प्रामाणिक मत असं, की त्या हिवाळ्यात बौद्ध देशांकडून या लोकांना सहानुभूतीचे शब्द बरेच मिळाले, माणसं फार थोडी. म्हणून ही रिक्षा लक्षात ठेवायची.

यापुढचे मुक्काम झटपट. 1962-63 : सरगुजातल्या मैनपाटच्या पठारावर तिबेटी निर्वासितांची वसाहत. पुढे हिवाळ्यात त्यांच्याकडचे स्वेटर रायपूरच्या फुटपाथवर दिसू लागतात. साठच्या दशकाची अखेर: जपानहून आलेला एक तरुण भिक्खू, सुरई ससाई, नागार्जुनांनी दृष्टान्त दिला म्हणतो, नागपुरात उतरतो आणि कायमचा नागपूरकर होतो. पुढे रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननामागेही तोच उभा असतो. नागार्जुनांना कोसलातून विदर्भापर्यंत शोधणारा हा जपानी माणूस मराठी जेवतो, मराठी भांडतो.

1980 नंतरचं एखादं साल. इंग्लंडमधलं कुठलंही गाव, पाऊस, दिवे लागलेले. तुम्ही एका स्वयंसेवकाबरोबर दारोदार फिरता आहात. हे संघरक्षितांच्या परंपरेतले इंग्रज बौद्ध. महाराष्ट्रातल्या दलित मुलांच्या वसतिगृहांसाठी महिन्याला थोडे पौंड देता का, असं विचारत घंट्या वाजवतात. बहुतेक दारं लागतात. पाचव्या-सातव्या दारात एक बाई नकाशा मागते. पुणे कुठे, नागपूर कुठे, बोटानं दाखवावं लागतं. ती सही करते आणि तुम्हाला चहा विचारते. पाय धुवायला पाणी देण्याचा रिवाज तिकडे नाही, तेव्हा चहा चालेल.

आणि आता आजचा ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन. रायपूरच्या बुद्धविहारातल्या मंडळींबरोबर तुम्ही दीक्षाभूमीला आला आहात. पंचशील ध्वज जिकडेतिकडे. या ध्वजाची कल्पना 1885 ची, कोलंबोची, हे पुस्तकाच्या स्टॉलवरचा मुलगा सांगतो. रस्त्याच्या कडेला भोजनदानाचे मंडप. तुमच्या मंडपाच्या प्रमुख एक काकू: पांढरी साडी, कमरेला पदर खोचलेला, तुमच्याशी मराठी, आचाऱ्याशी छत्तीसगढी.

मैनपाटचा एक तिबेटी तरुण त्यांच्या समोर उभा आहे आणि दोघांचं चांगलंच जुंपलंय. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी पुनर्जन्माचा जो अर्थ लावला, तो त्याला पटत नाही. लामा पुन्हा जन्म घेतात, हे काकूंना पटत नाही. ‘आत्मा नाही म्हणता, मग परत येतं कोण?’ काकू हिंदीत विचारतात. तो बोटांवर मोजत क्षणाक्षणाच्या प्रवाहाचं काहीतरी समजावतो. काकू ऐकतात. मान हलवत नाहीत. पंगतीतून भाताची हाक येते, तुमच्या हातात बादली दिली जाते.

‘आधी जेवून घे, मग भांडू,’ काकू त्याला पत्रावळीपुढे बसवतात. भातावर वरण ओतता ओतता म्हणतात, ‘आणि ऐक, हे जे तू सांगतोयस ना, ते हिंदीत कुठल्या पुस्तकात आहे, त्याचं नाव लिहून दे मला. दोन-तीन असली तर दोन-तीन लिही.’