नंबर तुमचा, पण वायर कुणाची? कंपनी बदलण्याच्या कटकटीचा इतिहास

हिंगोलीहून वाशिमला निघालात की जिल्हा संपता संपता कनेरगाव नाका लागतो. पैनगंगेच्या पट्ट्यातलं गाव, रस्त्यावर दुकानं, त्यात दोन-चार मोबाईल रिचार्जची. इथं उभं राहून एक साधं निरीक्षण करा. हिंगोलीचा एसटीडी कोड 02456, आणि पुढच्या वाशिमचा 07252. एकाच रस्त्यावरची, शेजारशेजारची दोन शहरं, पण एकाचा कोड 2 ने सुरू होतो आणि दुसऱ्याचा 7 ने. परभणी 02452, नांदेड 02462 हे हिंगोलीचे सख्खे. अकोला 0724, नागपूर 0712 हे वाशिमचे. आणखी वर गेलात तर भोपाळचाही 7 नेच, 0755.

आता इतिहासाची आवड असलेल्या माणसाला लगेच काय सुचतं? 1948 पर्यंत इथं एका बाजूला निजामाचं हैदराबाद संस्थान होतं आणि दुसऱ्या बाजूला मध्य प्रांताला जोडलेला वऱ्हाड. नाका म्हणजे जकात घेण्याची जागा. झालं, निजामाची सरहद्द टेलिफोनच्या कोडमध्ये उतरली, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. नकाशा जुळला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. मधला दुवा दाखवावा लागतो. तो दुवा असा आहे: दूरसंचार खात्यानं देशाचे सुमारे 2,600 छोटे आकारणी विभाग पाडले, आणि ते साधारणपणे तालुक्यांच्या हद्दी धरून पाडले. एसटीडी कोड या विभागांना मिळाले. म्हणजे कोड निजामाकडून आला नाही, तालुक्याकडून आला. तालुका मात्र जुन्या हद्दीच्या ज्या बाजूला होता त्याच बाजूला राहिला. पीएचडीत गाईड जेव्हा ‘मेकॅनिझम काय?’ असं विचारतात, तेव्हा त्यांना हेच हवं असतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे फोन कंपनी बदलताना होणारा त्रास. नंबर पोर्ट करायला गेलेला प्रत्येक जण वैतागून परत येतो आणि कंपनीला शिव्या देतो. शिव्या द्याच, पण संशोधकानं एक प्रश्न पुढचा विचारावा: हा त्रास कोणत्या वर्षी, कोणत्या कागदावर तयार झाला?

मुळात टेलिफोन नंबर ही तुमची ओळख नव्हतीच. ती एका तारेची ओळख होती. तुमच्या घरातून निघालेली तांब्याची जोडी एक्स्चेंजमध्ये जिथं जाऊन लागायची, त्या जागेचा तो पत्ता. 02456 म्हणजे कोणता विभाग, पुढचे आकडे म्हणजे कोणतं एक्स्चेंज आणि त्यातली कोणती लाईन. यंत्र आकडा आकडा वाचत पुढं सरकायचं, टपालवाला पिन कोड वाचतो तसं. घर बदललं की नंबर बदलायचा, कारण तार बदलायची. आणि कंपनी बदलायचा प्रश्नच नव्हता, कारण कंपनी एकच होती: सरकारचं खातं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सगळे मिळून सुमारे 80 हजार फोन होते, 1991 च्या आसपास साधारण 50 लाख झाले. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. ज्याला फोन मिळाला तो भाग्यवान. त्यानं तक्रार कुठं करायची?

मोबाईल आला आणि तार गेली. 31 जुलै 1995 ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात. फेब्रुवारी 1997 मध्ये ट्राय स्थापन झाली. पण गंमत बघा, तार गेली तरी नंबरमध्ये पत्ता टिकून राहिला. मोबाईल नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी आणि सर्कल कळायचं. देशाचे टेलिकॉम सर्कल पाडलेले, त्यात महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आत आणि मुंबई वेगळी! त्यामुळे कनेरगावचा मुलगा पुण्याला शिकायला गेला तर नंबर तोच, पण हैदराबादला किंवा मुंबईला गेला की परका. हैदराबाद तर 1956 पर्यंत आपल्याच राज्याची राजधानी. तरीही नंबरच्या दृष्टीनं ते दुसरं जग.

नंबर बदलण्याला किंमत असते. अर्थशास्त्रात याला स्विचिंग कॉस्ट म्हणतात, आपण बदलखर्च म्हणू. पॉल क्लेम्पेरर यांनी 1987 मध्ये यावर जो पेपर लिहिला तो आजही वाचतात. मुद्दा साधा आहे. बदलायला खर्च येत असेल तर ग्राहक नाराज असूनही हलत नाही, आणि तो हलणार नाही हे कंपनीला ठाऊक असतं. खर्च नेहमी रुपयांत नसतो. बँकेत, शाळेत, गॅस एजन्सीत, आडत्याकडे दिलेला नंबर बदलायचा म्हणजे किती खेटे, ते तुम्हीच मोजा.

यावरचा उपाय म्हणजे नंबर आणि कंपनी यांची गाठ सोडणं. सिंगापूरनं 1997 मध्येच सुरुवात केली होती, पण ती कॉल फॉरवर्डिंगवर: जुनी कंपनी कॉल घेणार आणि नव्या कंपनीकडे ढकलणार. म्हणजे सोडून गेलेल्या ग्राहकाचं ओझं सोडलेल्या कंपनीवरच. भारतानं दुसरी पद्धत घेतली. तुम्ही कॉल लावला की तुमची कंपनी आधी एका डेटाबेसला विचारते, हा नंबर आता कुणाकडे आहे? उत्तरात मार्ग सांगणारा एक वेगळा क्रमांक येतो आणि कॉल थेट तिकडं जातो. म्हणजे पत्ता आता त्या दुसऱ्या, अदृश्य क्रमांकात गेला आणि तुमचा दहा आकडी नंबर नुसतं नाव उरला. प्रोग्रामिंग केलेल्यांना पॉइंटर आठवेल.

ट्रायनं शिफारस केली 2006 मध्ये. नियम आले 2009 मध्ये. सुरुवात झाली 25 नोव्हेंबर 2010 ला हरियाणात, आणि देशभर 20 जानेवारी 2011 ला. पाच वर्षं! आणि एवढं होऊनही सर्कलच्या बाहेर नंबर नेता येत नव्हता. ती परवानगी 3 जुलै 2015 ला मिळाली. त्या दिवसापासून हिंगोलीचा नंबर हैदराबादेत चालू ठेवून तिथली कंपनी घेता येऊ लागली.

आता कागदपत्रं कशी वाचायची ते सांगतो. मूळ नियम वाचून फार काही हाती लागत नाही. ते व्यवस्थित, गुळगुळीत असतात. दुरुस्त्या वाचा. 2009 च्या या नियमांना 2024 पर्यंत नऊ दुरुस्त्या झाल्या, आणि माझ्या मते या दुरुस्त्यांची ओळ म्हणजेच तक्रारींचा इतिहास आहे. प्रत्येक दुरुस्तीच्या शेवटी स्पष्टीकरणाचं टिपण जोडलेलं असतं. खरा माल तिथं असतो: कोण काय म्हणालं आणि ट्रायनं ते का मानलं किंवा फेटाळलं.

सातवी दुरुस्तीच घ्या. पोर्टिंगसाठी 1900 वर मेसेज पाठवला की आठ अक्षरी युनिक पोर्टिंग कोड येतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण सुरुवातीच्या नियमात हा कोड कोण देत होतं? तुम्ही जिला सोडून चाललात तीच कंपनी! घटस्फोटाचा अर्ज मंजूर करायचं काम नवऱ्याकडेच दिल्यासारखं. पुढं विनंती फेटाळायची कारणंही तिच्याच हातात: बिल बाकी आहे, नव्वद दिवस पूर्ण नाहीत, करार संपलेला नाही. काही कारणं खरी असत. पण ती खरी आहेत का हे तपासणारं मध्ये कुणी नव्हतं, आणि अर्ज नाकारला गेल्याचं ग्राहकाला कळायचं ते शेवटी. सातव्या दुरुस्तीनं, जी 16 डिसेंबर 2019 पासून लागू झाली, कोड तयार करायचं काम मधल्या पोर्टिंग संस्थेकडे दिलं. ती आधीच जुन्या कंपनीकडून सगळ्या अटी तपासून घेते आणि पात्र असाल तरच कोड देते. सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस, बाहेर पाच. चार दिवस कोड चालतो. म्हणजे नकार आता सुरुवातीलाच कळतो. नकार मिळणं थांबलं नाही, पण हेलपाटा वाचला.

मला सगळ्यात जास्त बोलकं वाटतं ते मात्र दुरुस्तीत नाही, 7 डिसेंबर 2021 च्या एका छोट्या आदेशात आहे. कंपन्यांच्या स्वस्त प्रीपेड पॅकमध्ये मेसेजची सोयच नसायची. मेसेज जात नाही, म्हणून 1900 ला पोर्टची विनंती जात नाही, म्हणून कोड येत नाही. कायद्यानं हक्क आहे, पण तो बजावायला आधी त्याच कंपनीचा महागडा रिचार्ज मारा. ट्रायनं आदेश दिला की रिचार्ज कितीचाही असो, 1900 चा मेसेज गेलाच पाहिजे. हा अडसर कुणाला लागत होता? मोठा मासिक प्लॅन असलेल्याला नाही. रिचार्जच्या दुकानात पन्नास-साठ रुपये पुढं करणाऱ्याला. हक्क कागदावर कधी आला आणि माणसाच्या हातात कधी पोचला, या दोन तारखा नेहमी वेगळ्या नोंदवा. इथं त्यांच्यात जवळपास अकरा वर्षांचं अंतर आहे.

उलट दिशेची दुरुस्तीही आहे बरं का. नववी, 1 जुलै 2024 पासूनची: सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस पोर्ट करता येत नाही. सिम स्वॅप करून खात्यातले पैसे लुटणाऱ्यांना अडवण्यासाठी. फोन चोरीला गेलेल्या प्रामाणिक माणसालाही सात दिवस थांबावं लागतं. इथं त्रास मुद्दाम ठेवलाय, आणि मला तो पटतो.

घरच्या इंटरनेटकडे आलात की ही सगळी प्रगती अचानक संपते. लँडलाईनचा नंबर आपल्याकडे आजही पोर्ट होत नाही, आणि ब्रॉडबँड बदलायचं म्हणजे खांबावरून नवी वायर, भिंतीला नवं भोक, नवा डबा, नवं डिपॉझिट. जुना डबा परत न्यायला माणूस येत नाही आणि डिपॉझिटही येत नाही, हा अनुभव आमच्याकडे एका स्थानिक जोडणीवाल्याबरोबर झालाय. विशेष काही नाही, तुमच्याकडेही झालाच असेल.

असं का, याचं उत्तर 2004 मध्ये आहे. तेव्हा देशभर घराघरांत जाणारी तांब्याची तार होती ती मुख्यतः बीएसएनएल आणि एमटीएनएलची. ट्रायनं एप्रिल 2004 मध्ये शिफारस केली की ही शेवटच्या टप्प्यातली तार इतर कंपन्यांनाही वापरायला खुली करा. ऑक्टोबर 2004 मध्ये सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं (त्यात ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस, हसू नका) आणि त्यात ही सक्ती नव्हती. कंपन्यांनी आपापसांत ठरवून करार करावेत, एवढंच. ते करार काही फळाला आले नाहीत. ब्रिटनमध्ये मात्र बीटीची तार इतरांना खुली करायला लावली आणि ती सांभाळायला ओपनरीच हा वेगळा विभाग केला. तिथं अनेक घरांत कंपनी बदलताना वायर तीच राहते. तरीही जुन्या कंपनीशी न बोलता एका अर्जात ब्रॉडबँड बदलण्याची सोय यायला तिथंही सप्टेंबर 2024 उजाडला.

सरकारी बाजू एकदम चुकीची होती असं मी म्हणणार नाही. तार सरकारी पैशानं टाकलेली, खेड्यातली लाईन तोट्यात चालणारी, आणि खासगी कंपन्या शहरातल्या फायद्याच्या तारा तेवढ्या मागणार, ही भीती खोटी नव्हती. पण निर्णयाचा परिणाम असा झाला की पुढं प्रत्येक कंपनीनं आपली वेगळी फायबर टाकली, आणि जिथं गिऱ्हाईक दाट तिथंच टाकली. पुण्यात एका गल्लीत तीन-चार फायबर लोंबतात. 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढं भारतनेट नाव मिळालेल्या सरकारी योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोचवायची ठरली, पंचायतीपासून घरापर्यंतचा तुकडा मात्र पुन्हा ज्याचा त्याचा.

यावर कुणाला काम करायचं असेल तर विषय मोकळा पडलाय. कनेरगाव नाक्यासारखी एक जागा निवडा, रस्त्याच्या एका बाजूचे खांब मोजा, प्रत्येक खांबावर किती कंपन्यांच्या वायरी आहेत ते वहीत लिहा, आणि पैनगंगेपलीकडे वाशिमच्या बाजूलाही तेच करा. मग 2004 चा कागद उघडा.